वाचक विचारतात : लॅपटॉप लचकतो, करकरतो, तडकतो

प्रश्न : ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दोन गावं माझ्याकडे असल्यानं लॅपटॉप रोज सोबत असतो. आठ महिन्यांपूर्वी 15.6 इंची नवा घेतला. किबोर्डच्या मधोमध दाबलं की तो खाली बसतो आणि एका कोपऱ्याला धरून उचलला की करकरतो. दुकानदार म्हणतो, 'सगळेच असे असतात, भाऊ.' यानं खरंच काही बिघडतं का?
– संगणक परिचालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यातली एकच काळजीची आहे.

किबोर्ड मधोमध दबणं ही पहिली. किबोर्डखाली पातळ पत्रा असतो, त्याला कडेनं आधार मिळतो आणि मधे मिळत नाही. टायपिंग करताना एखादा मिलिमीटर दबला तर हाताला बरं वाटत नाही, पण मशीनचं नुकसान सहसा होत नाही. दाबल्यावर स्क्रीन लुकलुकली, माउसचा बाण आपोआप हलला किंवा मशीन अडकलं, तर मात्र आत काहीतरी टेकतं आहे किंवा सैल झालं आहे असं समजा.

दुसरी गोष्ट पीळ पडण्याची. बाज एका पायाला धरून उचलली की तिचा चौकोन तिरपा होतो. लॅपटॉपचा एक कोपरा धरून उचलला की नेमकं हेच होतं. बाजेची दोरी हा ताण सोसते. लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवर जातो आणि मदरबोर्डला वाकणं सोसत नाही. प्रोसेसरच्या खाली कथिलाच्या बारीक थेंबांसारखे शेकडो टाके असतात, प्रत्येक टाका मिलिमीटरच्याही आतला. बोर्ड थोडा थोडा वाकत राहिला की कोपऱ्यावरचे टाके आधी तडकतात. मग मशीन टेबलावर नीट चालतं, उचललं की बंद पडतं किंवा गरम झाल्यावरच अडकतं. असं दिसलं की लोक विंडोज पुन्हा टाकतात आणि त्यात दोन दिवस जातात. रॅम सैल असेल तरी लक्षणं तीच दिसतात, म्हणून वॉरंटी संपलेली असेल तर आधी बॅटरी सोडवून रॅम काढून परत बसवून बघा. यात खर्च काही नाही.

बॉडी लचकते ती पातळपणामुळे आणि लांबीमुळे. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. उलट, जाडी थोडी जरी कमी केली तरी ताठपणा धाडकन उतरतो. स्वस्त मशीनचं प्लास्टिक आतून पातळ असतं आणि त्याला आधाराच्या फासळ्या कमी असतात. बिझनेस मालिकेतल्या मशीनमध्ये काचतंतू मिसळलेलं प्लास्टिक, मॅग्नेशियम मिश्रधातू किंवा अॅल्युमिनियम वापरतात आणि आत वेगळी चौकट देतात, म्हणजे ताण बोर्डाला टाळून चौकटीतून जातो. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा एक तृतीयांशानं हलकं असतं, म्हणून त्याच वजनात जाड भिंत देता येते. मात्र धातू दिसला की मजबूत, असं धरून चालू नका. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा प्लास्टिकवर चिकटवलेली कितीतरी मशीनं बाजारात आहेत. चमक तेवढी धातूची आणि भार प्लास्टिकवरच.

तुमच्या मशीनचं करकरणं बहुधा स्क्रूचं आहे. दुचाकीवर रोज गचके बसले की तळाचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. एखादा पडला की शेजारच्यावर भार येतो. वॉरंटीत असताना तळ उघडू नका. फक्त बाहेरून मोजा की किती भोकं आहेत आणि किती स्क्रू आहेत. रबरी पायाखाली लपलेलाही एखादा असतो. पीएच-0 नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दोन बोटांच्या जोरानं आवळा, मनगटाच्या नाही. प्लास्टिकमधली पितळी नट जास्त जोरानं फिरते आणि मग ती धरतच नाही. पडलेला स्क्रू नवा टाकायचा तर लांबी जुळवून टाका. बिजागरीजवळचे लांब असतात, पुढच्या कडेचे आखूड. लांब स्क्रू पुढच्या भोकात घातला की हात टेकवायच्या जागी, म्हणजे पाम रेस्टवर, आतून फुगवटा उठतो, कधी स्क्रूचं टोकच वर येतं. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून बारीक यंत्रांत लावतात तो थ्रेडलॉकर इथे लावू नका. त्यानं प्लास्टिकला तडे जातात.

एक भाग लोकांच्या लक्षात येत नाही. पुष्कळ 15 इंची मशीनमध्ये 2.5 इंची हार्ड डिस्कची खोबण रिकामी असते, कारण आता छोटी एसएसडी बोर्डावरच बसते. पाम रेस्टची एकच बाजू दबत असेल तर खाली बहुतेक ही पोकळी आहे. त्या मॉडेलची डिस्कची पट्टी मिळते, ती रिकामीच बसवली तरी बाजू ताठ होते.

आणि उचलताना दोन्ही हातांनी, तळाखाली हात घालून उचला. झाकण धरून तर मुळीच नको. एवढ्या एका सवयीनं टाक्यांचं आयुष्य वाढतं.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. लॅपटॉपची डावी बिजागरी उघडताना कट्ट आवाज आला, आता स्क्रीनची पट्टी खालच्या कोपऱ्यात फाकते. मेकॅनिक म्हणतो, झाकणाला आरपार भोक पाडून बोल्ट मारतो, 300 रुपये घेईन. मारू देऊ का?
– शिक्षक, मालेगाव, जि. वाशीम

उत्तर : थांबा. आज मशीन उघडं ठेवून आधी फायली पेन ड्राइव्हवर काढा. त्यानंतर दुरुस्तीपर्यंत झाकण मिटू नका. प्रत्येक उघडझाकीला तडा पुढे सरकतो आणि बिजागरीशेजारूनच जाणारी स्क्रीनची वायर कापली जाते.

मोडतं ते असं. बिजागरी लोखंडी असते आणि ती प्लास्टिकच्या खुंट्यांत रोवलेल्या पितळी नटांना स्क्रूनं धरलेली असते. बिजागरीतलं ग्रीस दोन-तीन वर्षांत सुकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकरच. मग ती कडक होते. झाकण उघडायला जेवढा जोर लागतो तेवढाच त्या खुंट्यांवर पडतो. शेवटी खुंटी नटासकट उखडते. म्हणजे दोष वरवर प्लास्टिकचा दिसतो, मुळात तो कडक बिजागरीचा आहे. आपल्याकडचे मेकॅनिक नुसतं प्लास्टिक जोडून देतात, बिजागरी तशीच कडक ठेवतात आणि चार महिन्यांत काम परत येतं. तुम्ही मेकॅनिकला हे स्पष्ट सांगा.

नीट काम कसं होतं ते लिहितो, म्हणजे समोर बसून करून घेता येईल. चार्जर काढून तळ उघडायचा आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. बेझेल, म्हणजे स्क्रीनभोवतीची पट्टी, जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचलायची. स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नाही. बिजागरीच्या दांड्याच्या टोकाला छोटी नट दिसते, ती अष्टमांश फेरा सैल करायची आणि हातानं उघडून पाहायचं. झाकण 90 अंशांवर स्वतःहून उभं राहावं, पण बोटानं सहज हलावं. तिथे थांबायचं. सांध्यात ग्रीसचा एक ठिपका द्यायचा.

मग प्लास्टिक. उखडलेल्या जागा 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून स्पिरिटनं पुसायच्या, कारण तेलकट जागी काही धरत नाही. पितळी नटा जागेवर ठेवून त्यांच्यावर बिजागरी स्क्रूनं हलकेच बसवायची, म्हणजे नटा सरळ राहतात. स्क्रूला व्हॅसलिन लावायचं, नाहीतर तोही कायमचा चिकटेल. दोन ट्यूबांचा इपॉक्सी समान घेऊन कालवायचा आणि नटांभोवती भरायचा. पाच मिनिटांत वाळणारा घेऊ नका, सावकाश वाळणारा घ्या. पूर्ण 24 तास हात लावायचा नाही. झटपट चिकटणारा, नखाएवढ्या ट्यूबमधला गोंद इथे निरुपयोगी आहे. तो ठिसूळ असतो, पहिल्याच ताणाला तुटतो आणि त्याच्या वाफेनं स्क्रीनच्या आत पांढरी झाक धरते.

आता बोल्टचं. खालच्या बाजूला, म्हणजे तळातून, आरपार बोल्ट मारणं चालतं, दिसायला वाईट पण पक्कं काम होतं. चपट्या डोक्याचा, वॉशरसह. झाकणाला भोक पाडणं मात्र मी टाळीन. तिथे वायफायच्या अँटेनाची वायर असते आणि पॅनेलची काच भोकापासून काही मिलिमीटरवर असते. त्यापेक्षा त्या मॉडेलचं नवं बॅक कव्हर मागवा. सुट्या भागांच्या बाजारात झाकणाला 'ए', बेझेलला 'बी', पाम रेस्टला 'सी' आणि तळाला 'डी' म्हणतात. तुमचा तडा झाकणात असेल तर 'ए', खाली असेल तर 'सी' किंवा 'डी' सांगायचं. तळावरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या, नुसतं कंपनीचं नाव देऊन भाग जुळत नाही.

प्रश्न : आपले सरकार सेवा केंद्र आहे. 25 हजारांच्या आत नवा प्लास्टिकचा घ्यावा की नागपूरहून सेकंड हँड बिझनेस लॅपटॉप? दुकानदार 'मिलिटरी ग्रेड आहे, पडला तरी काही होत नाही' म्हणतात. दुकानात काय तपासायचं?
– केंद्रचालक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या कामाला सेकंड हँड बिझनेस लॅपटॉप घ्या, पण तपासून. त्या पैशांत नव्या मशीनची बॉडी तुमच्या दिवसभराच्या वापराला पुरणार नाही.

'मिलिटरी ग्रेड' म्हणजे मिल-एसटीडी 810. ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्यांची पुस्तिका आहे. आदळणं, कंप, उष्णता, दमटपणा, धूळ अशा प्रत्येकाची पद्धत तिच्यात दिली आहे. 2008 ची 810जी आणि 2019 ची 810एच या अलीकडच्या आवृत्त्या. प्रमाणपत्र देणारी संस्था मात्र नसते. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच निवडते आणि त्या नव्याकोऱ्या मशीनवर होतात. त्यामुळे मशीनचा आराखडा विचारपूर्वक केला आहे एवढं कळतं. पाच वर्षं कुणाच्या तरी कार्यालयात वापरून आलेला तुमचा नग पडला तर टिकेल, हे त्यातून कळत नाही.

मालिका ओळखा. थिंकपॅडमध्ये 'टी' मालिका मजबूत, 'ई' आणि 'एल' तिच्याखाली. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये 7000, मग 5000, मग 3000. एचपीमध्ये एलिटबुक वर, प्रोबुक खाली. थिंकपॅड टी480, लॅटिट्यूड 7490 आणि 5490, एलिटबुक 840 जी5 ही 2018 च्या सुमाराची मॉडेलं बाजारात भरपूर येतात. यात एक फसवणुकीची जागा आहे. याच मॉडेलांत सातव्या पिढीचे प्रोसेसरही आले होते. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते. म्हणून प्रोसेसरचा नंबर वाचा. आय5-8250यू किंवा 8350यू चालेल, 7200यू किंवा 7300यू असेल तर ठेवून द्या.

नागपूरच्या सीताबर्डीत दुकानात उभे असाल तेव्हा दहा मिनिटं मागून घ्या. मशीन काचेच्या काउंटरवर ठेवा आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं दाबा. डुगडुगलं तर आधी रबरी पाय बघा. चारही पाय असून डुगडुगत असेल तर तळ वाकलेला आहे किंवा बॅटरी फुगली आहे. स्क्रीनवर पांढरं पान उघडून झाकणाच्या पाठीवर अंगठ्यानं हलका दाब द्या. समोर पाण्यासारखी लाट उठली तर झाकण दाब अडवत नाही, थेट पॅनेलवर देतं. दप्तरात असं पॅनेल फुटतं. झाकण वरच्या मधल्या भागाला एका बोटानं उघडा, बिजागरीच्या दोन्ही टोकांना फट पडते का ते डोळे जवळ नेऊन बघा. मग मशीन चालू ठेवूनच पुढचा डावा कोपरा एका हातानं धरून टेबलावरून तीन-चार इंच उचला, तसंच उजवा. आवाज, अडकणं, स्क्रीनवर रेघ यातलं काहीही आलं तर दुसरा नग मागा.

यानंतर बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची मशीनची सेटिंग, उघडा. मशीन चालू करताच कळ दाबायची : डेलला एफ2, एचपीला एफ10, थिंकपॅडला एफ1. तिथला सिरियल नंबर तळाच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. डेल या नंबराला सर्व्हिस टॅग म्हणते, तो सात अक्षर-अंकांचा असतो. नंबर जुळला नाही तर तळ किंवा बोर्ड बदललेला आहे, आणि तो का बदलला हे दुकानदारानं सांगायला हवं. बायोसला पासवर्ड असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. बॅटरीसाठी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. 70 टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

प्रश्न : जिनिंगच्या कार्यालयातला लॅपटॉप. टचपॅड वर उचलल्यासारखा झाला, क्लिक होत नाही. पाम रेस्टही मधे फुगलेली दिसते. बॉडी उष्णतेनं वाकली का?
– लेखापाल, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : बॉडी वाकलेली नाही. बॅटरी फुगली आहे. हे वाचताक्षणी चार्जर काढा, मशीन बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका.

लिथियमच्या पाकिटात रसायन फुटून गॅस झाला आहे. टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका, स्क्रूचं टोक पाकिटात घुसलं तर आग लागते. जाणत्या माणसाकडून तळ उघडून कनेक्टर सोडवा आणि बॅटरी न वाकवता, न टोचता बाहेर काढा. चिकटवलेली असेल तर धारदार पातं चालवू नका. काढलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा आणि सेवा केंद्रात जमा करा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. उकिरड्यात टाकू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. बॅटरी काढल्यावर बहुतेक मशीनं नुसत्या चार्जरवर चालतात, तोवर काम भागेल.

कारणं दोन आहेत आणि दोन्ही तुमच्याकडे असणार. पहिलं, दिवसभर 100 टक्के चार्ज ठेवून प्लग लावलेला. दुसरं, उष्णता. बहुतेक बिझनेस लॅपटॉप भोवतालच्या 35 अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 च्या वर पारा जातो. त्यात जिनिंगचा तंतू. पंख्यानं ओढलेला कापूस बाहेर पडायच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो, वरून काही दिसत नाही आणि हवा थांबते. हंगामात दर महिन्याला तळ उघडून तो नमदा चिमट्यानं सोलून काढा. ब्लोअर मारायचाच तर पंख्याची पाती काडीनं अडवून धरा, जोरात फिरला तर पंख्याचं बेअरिंग जातं.

नवी बॅटरी टाकल्यावर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा. लेनोवोत व्हँटेज अॅपमध्ये, डेल आणि एचपीत बायोसमधल्या बॅटरीच्या भागात ही सोय असते. कूलरची हवा खोली गार करते ते चांगलंच, पण मशीन कूलरच्या थेट तोंडासमोर नको. तुषार आत जातात आणि पाण्यातला क्षार कनेक्टरवर बसतो.

प्रश्न : अॅल्युमिनियमच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. मशीन खराब आहे का?
– दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मशीन बहुधा चांगलं आहे, घराचं अर्थिंग नाही. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह अर्थच्या वायरीनं जमिनीत जायचा असतो. अर्थ नसली की तो धातूच्या बॉडीवर थांबतो आणि तुमच्या बोटाला जाणवतो. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आजच काढा.

वायरमनकडून मल्टिमीटरनं सॉकेट तपासून घ्या. फेज–न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज–अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल–अर्थ पाचेक व्होल्टच्या आत यायला हवं. फेज–अर्थ निम्माशिम्मा किंवा डळमळता आकडा दाखवत असेल तर अर्थ तुटलेली आहे. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून देतात. ते कधीही करू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला की तुमच्या लॅपटॉपच्या बॉडीवर पूर्ण 230 व्होल्ट येतात, आणि त्यात जीव जातो. अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल ते जून आठवड्याला बादलीभर पाणी घाला. काळी माती भेगाळली की सळईला ओल मिळत नाही.

प्रश्न : दुचाकीवर रोज 40 किलोमीटर, रस्ता खराब. लॅपटॉप कसा न्यायचा?
– एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : पाठीवरच. टाकीवर किंवा कॅरिअरला रबरानं बांधून नको, तिथे गचका थेट बसतो. दप्तरात झाकणाची बाजू पाठीच्या गादीकडे आणि तळ बाहेरच्या बाजूला ठेवा. चार्जर वेगळ्या कप्प्यात, खाली. सगळ्यात जास्त स्क्रीन फुटतात त्या झाकणावर चार्जर किंवा डबा दाबला गेल्यानं. दप्तराच्या तळाला दोन बोटं जाड फोम टाका, दप्तर जमिनीवर टेकताना कोपरा वाचतो. निघताना झाकण मिटून झोपवू नका, शटडाउन करा. झोपलेलं मशीन दप्तरात जागं होऊन तापतं. पावसाळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी, मग दप्तर, आणि पोचल्यावर पिशवी लगेच काढा, नाहीतर आतच घाम धरतो.

प्रश्न : अंगठ्याचं मशीन लावायचा यूएसबी पोर्ट सैल झाला.
– सेवा केंद्रचालक, रिसोड, जि. वाशीम

उत्तर : अंगठा देताना माणूस यंत्र स्वतःकडे ओढतो, आणि तो ताण बोर्डावरच्या टाक्यांवर जातो. वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर कायमची लावून ठेवा आणि तिचं दुसरं टोक टेबलाला क्लिपनं पक्कं करा. रोजची काढघाल त्या टोकाला होऊ द्या. ते घासलं तर वायर बदलायची. सैल झालेला पोर्ट आत कागद खुपसून वापरू नका, मधल्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या की पोर्टच्या सर्किटला शॉर्ट बसतो. काही मॉडेलांत एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात. तुमचा त्यातला असेल तर तेवढाच बोर्ड बदलून मिळतो, मदरबोर्डला हात लावावा लागत नाही.